सुरेखा, तुझा सांगावा मी नेला

सुरेखा,

तुझ्या आईने मला एक प्रश्न विचारला आहे. उत्तर मला माहीत आहे, पण मी ते अजून दिलेलं नाही. आज दुपारी पोशीरला तुझ्या घरी जाऊन द्यायचं असं ठरवलं आहे. त्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं असं वाटलं, कारण अशा प्रश्नांवर तुझ्याइतका विचार केलेलं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही.

काकीने हे विचारलं तुझ्या दहाव्याला. नदीवरून माणसं परतली होती. तुझा भाऊ बाळादादा भटजींना गाडीपर्यंत सोडायला गेला होता. काकी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "शेवटाला ती काय बोलली रं? माझं नाव घेतलं का तिनं?"

मी म्हणालो, "काकी, नंतर सांगतो."

पत्रकार परिषदेत अडचणीचा प्रश्न आला की मंत्री असंच बोलतात. दुसऱ्याच्या बाबतीत मी लगेच बातमीत लिहिलं असतं, उत्तर देण्याचं टाळलं म्हणून.

काकीचा समज असा आहे की शेवटी मी तुझ्याजवळ होतो. मी नव्हतो. जवळ होता नामदेव, कशेळे ते कर्जत जीप चालवणारा. तू वरच्या वाडीवरून कशेळ्याला उतरलीस आणि त्याच्या जीपपाशी आलीस. त्याच्या सांगण्याप्रमाणे तू त्याला एवढंच म्हणालीस, "दादा, पुढं बसू का? मागं गुदमरतंय." त्याने पुढच्या सीटवरच्या माणसाला खाली उतरवलं आणि तुला बसवलं. जीप सुटली. कर्जत यायच्या आधीच तुझी मान कलली. झोप लागली असेल असं त्याला आधी वाटलं. मग त्याने हाक मारून पाहिली आणि कुठेही न थांबता सगळ्या प्रवाशांसकट गाडी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तू गेलेली होतीस.

तू आईचं नाव घेतलं नाहीस. कोणाचंच घेतलं नाहीस. तू बसायला जागा मागितलीस. उत्तर एवढंच आहे.

*

ज्यांना तू ठाऊक नाहीस ते हे वाचतील, म्हणून तुझ्या कामाबद्दल सांगतो. तू पीएचडी करत होतीस ती मयताच्या सांगाव्यावर. गावात कोणी गेलं की नात्यातल्या गावांना कळवायला माणूस धाडतात, तो सांगावा. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांत हे काम कोण करतं, कोणाला आधी कळवतात, कोणाला मागाहून, दारात उभं राहून नेमके कोणते शब्द बोलतात आणि कोणते बोलत नाहीत, हे तू कित्येक वर्षं गोळा करत होतीस.

हा विषय कोणत्या विभागाचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. आंतरविद्याशाखीय केंद्राने तुला घेतलं खरं, पण समितीवरची माणसं आपापल्या विभागातूनच आलेली होती. पहिल्या सादरीकरणाहून परतलीस ती थेट कर्जत स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर, आणि एकेकाची नक्कल करून दाखवलीस. इतिहासाच्या सरांनी विचारलं, "कागद कुठे आहेत?" समाजशास्त्राच्या बाईंनी विचारलं, "घरं किती?" मराठीचे सर म्हणाले, "यात साहित्य शोधतोय मी." शेवटी एकजण वैतागून म्हणाले, "अहो, पण तुमचा विषय नक्की काय?" तू म्हणालीस, "माणूस मेल्यावर काय होतं, तो." ते म्हणाले, "तो तर धर्मशास्त्राचा झाला." टपरीवाला हसायला लागला. त्याच्याकडे वळून तू म्हणालीस, "हसा. चार गाड्या उभ्या आहेत आणि एकही मला बसवून घेत नाही."

नोकरीच्या वेळीही तेच. जाहिरातीत विषय एकच असायचा आणि तुझी पदवी त्यात बसायची नाही. खालापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तू तासिका तत्त्वावर शिकवत राहिलीस. काकी लोकांना सांगायची, "प्रोफेसर हाय, पण रोजावर." आणि गावातल्या बायका तू अंगणात पाय ठेवलास की एकमेकींना म्हणायच्या, "आली गं बया. कोण गेलं?" तुला त्याचा राग यायचा नाही. उलट ते वाक्य तू टिपून घ्यायचीस.

माझं काम तुझी मराठी तपासण्याचं. प्रकरण लिहून झालं की तू मला पाठवायचीस आणि मी विशेषणं काढायचो. "प्रदीर्घ", "अनोखा", "हृदयस्पर्शी" हे सगळे शब्द मी तुझ्या प्रबंधातून काढले आहेत. तू म्हणायचीस, "पेपरवाल्या, थोडं मांस राहू दे रं." मी ठेवायचो नाही. याचा अर्थ, तुझं प्रत्येक पान मी वाचलेलं होतं, निदान दोनदा. हे इथे सांगायला हवं. पुढे जे झालं त्यात मला माहिती नव्हती असं म्हणण्याची सोय मला नाही.

*

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं आणि ते मिटलं नाही.

सांगावा नेणारा माणूस मरण बोलून दाखवत नाही. तो म्हणतो, "बरं नाय, बोलावलंय, चला." तू ज्यांना भेटलीस त्यांतल्या बहुतेकांनी हेच सांगितलं. माझं म्हणणं होतं की हे खोटं आहे आणि तू त्याला प्रथा म्हणून प्रतिष्ठा देते आहेस. ज्याचं माणूस गेलं त्याला पहिल्या वाक्यात खरं कळण्याचा हक्क आहे. बातमीचं पहिलं वाक्य म्हणजे कोण, कुठे, काय झालं. मला शिकवलेलं हेच, आणि मी नव्या मुलांना शिकवतो तेही हेच.

तू म्हणायचीस, "तुझी बातमी वाचणाऱ्यांपैकी कोणाचंच माणूस गेलेलं नसतं. माझा माणूस ज्याच्या दारात उभा राहतो, त्याचंच गेलेलं असतं."

मी म्हणायचो, "म्हणून त्याला फसवायचं?"

"कोण फसतं? त्याला कळतं. शब्द खोटे असतात, बाकी सगळं खरं असतं."

हे बाकी सगळं म्हणजे तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. सांगावा नेणारा उंबरा ओलांडत नाही. चपला काढत नाही. आधी शेजारच्या घरी जातो आणि शेजारीण सोबत घेऊन येतो. सगळ्यात महत्त्वाचं, तो त्या घरचं पाणी पीत नाही. कितीही लांबून आलेला असो, तांब्या पुढे केला की "नको" म्हणतो. त्या "नको"वरून घरातल्या बाईला कळतं. तोंडाने तो "आजारी" म्हणतो आणि पाण्याला नकार देऊन बातमी सांगतो. मग ऐकणारी आपणच लुगडं सावरते, कुलूप शोधते, आणि वाटेत कोणी काही विचारत नाही. तुझा मुद्दा असा होता की या पद्धतीत बातमी ऐकणाऱ्याच्या हाती दिली जाते, तोंडावर फेकली जात नाही, आणि ती कधी उघडायची ते त्याने ठरवायचं असतं.

मी समासात लिहिलं होतं, "छान. पण पुरावा?" तू खाली लिहिलंस, "तुझी मुलाखत."

शेवटच्या प्रकरणात तुला आजकालचं लिहायचं होतं. फोन, ग्रुपवरचे फोटो, पेपरातल्या चार ओळी. त्यासाठी तुला माझी मुलाखत हवी होती. मरणाची बातमी मी कशी देतो, आधी काय लिहितो, काय गाळतो. मी पुढे ढकलत राहिलो. कधी निवडणूक, कधी अधिवेशन. खरं कारण असं की मी माहिती घेणारा आहे, माहिती देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव यावं हे मला पसंत नव्हतं. तू ते ओळखून होतीस. एकदा म्हणालीस, "वरच्या वाडीतली म्हातारी मला नवऱ्याच्या मरणाचं सांगते आणि तुला चार वाक्यं जड होतात?"

त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला होता. मी तहसील कार्यालयात होतो. उचलला नाही. बाहेर आल्यावर मी फोन लावला, तो नामदेवने उचलला.

*

आता त्या दुपारचं. हे मी बाळादादालाही पूर्ण सांगितलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, घरच्यांना बोलवा. बाळादादा मोहोपाड्याला कारखान्यात कामावर होता. आत फोन नेऊ देत नाहीत, तो गेटवर ठेवावा लागतो. मी गेटवर निरोप ठेवला, त्याला तातडीने कर्जतला पाठवा एवढाच. राहिली काकी. तिच्याकडे फोन आहे. पण फोनवर सांगायचं नाही एवढं मला तेव्हा नक्की कळत होतं. मी मोटरसायकल काढली.

नेरळच्या रस्त्याने जाताना मी वाक्य तयार केलं. "काकी, सुरेखा गेली." तीन शब्द. काम करणाऱ्या माणसासारखं मी ते मनात तपासलं. कोण, काय झालं. कुठे ते नंतर. वाक्य बरोबर होतं.

काकी अंगणात वाल पाखडत बसली होती. मला पाहून म्हणाली, "ये रं पेपरवाल्या. सुरी नाय आली आजून. वाडीवर गेलीय मयतं उकरायला."

आणि मी म्हणालो, "काकी, तिला बरं नाय. कर्जतला दवाखान्यात हाय. चल."

कोणीतरी माझ्या तोंडून बोललं, असं मी म्हणणार नाही. मीच बोललो. तिच्या हातात सूप होतं आणि ती हसत होती, आणि माझ्याने तीन शब्द बोलवले नाहीत. इतकी वर्षं ज्याला मी खोटं म्हणत होतो, ते मी पहिल्याच झटक्यात बोललो. इथपर्यंत तू जिंकलीस.

पण पुढचं ऐक. मी चपला काढल्या. ओटीवर बसलो. शेजारी सखूबाईच्या घराचं दार उघडं होतं, तिकडे गेलो नाही. काकी आत गेली आणि पाणी घेऊन आली. उन्हातून गाडी चालवत आलो होतो, घसा कोरडा पडला होता. मी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यालो.

तुझं तिसरं प्रकरण मी दोनदा वाचलं होतं. त्यातला एकेक स्वल्पविराम मला आठवतो. पाणी पिताना त्यातलं काही आठवलं नाही.

काकी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मंग जेवली नसंल ती. दवाखान्यातलं चालत नाय तिला." आणि ती चूल पेटवायला लागली. मी म्हणायला हवं होतं, काकी, राहू दे. मी म्हणालो नाही. तिने तांदळाच्या दोन भाकऱ्या केल्या, सुकटाची चटणी घेतली आणि डबा बांधला. मी ओटीवर बसून होतो.

शेजारच्या इको गाडीतून निघालो. काकी पुढे बसून बोलत होती, मी मागे. नेरळ येईपर्यंत ती तुला कसं घरी बसवायचं ते ठरवत होती. "आता महिनाभर कुठं जाऊ देनार नाय. तूपण सांग तिला, तुझं ऐकते." मग म्हणाली, "दवाखान्यात पण गप बसली नसंल. त्या नर्सबायांना विचारत आसंल, तुमी मेल्याचं कसं सांगता गं?"

ती हसली. इको चालवणारा हसला. मीही हसलो.

सुरेखा, बाकीच्याची मी काहीतरी कारणं देऊ शकतो. त्या हसण्याचं कारण मला सापडलेलं नाही.

दवाखान्याच्या दारात नामदेव उभा होता. तुझी पर्स त्याच्या हातात होती. काकी गाडीतून उतरली, तिने आधी पर्स ओळखली, मग अनोळखी माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली.

*

दोन-तीन दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा घरात बायकांची गर्दी होती. काकी भिंतीला टेकून बसली होती. रागावलेली नव्हती. मला जवळ बसवून घेतलं आणि आजारपणाची चौकशी करावी तसं विचारलं, "तुला ठाव व्हतं ना, तवा?"

"हो."

"मंग पाणी का प्यालास?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. ती म्हणाली, "तू आलास तवाच मला शंका आली व्हती. तू असा दुपारचा कधी येत नाय. मी मुद्दाम पाणी आणलं. तू प्यालास. मी म्हनलं, चला, बरी हाय पोरगी."

तुझा पुरावा हा. तू ज्याच्यासाठी गावोगाव फिरलीस, तो तुझ्या घराच्या ओटीवर होता. काकीने पाणी विचारण्यासाठी आणलं होतं. मी ते पिऊन तिला उत्तर दिलं, आणि ते उत्तर खोटं होतं. शब्दांतल्या खोट्याला तुझ्या पद्धतीत जागा आहे. पाण्यातल्या खोट्याला नाही. पोशीर ते कर्जत एवढी वाट काकीने आपली मुलगी जिवंत आहे असं समजून काढली, आणि त्याला कारण मी. गावातला कोणताही अडाणी माणूस पाठवला असता तर हे झालं नसतं, असं मी पहिल्यांदा लिहिलं होतं. ते खोडतो. अडाणी असण्याशी याचा संबंध नाही. तुझं लिखाण मी वाचलं ते भाषा तपासायला. त्यात सांगितलेलं आपल्यालाही कधी करावं लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

पेपरच्या डेस्कवर तुझी बातमी मीच दिली. चार ओळी. सहकाऱ्याने विचारलं, "पीएचडी झाली होती का? डॉ. लावू?" मी म्हणालो, "झाली नव्हती. लावू नकोस." दुसऱ्या दिवशी बाळादादाने पेपर पुढे धरला. "डाक्टर लावायचं की रं. कोण तपासायला येनार व्हतं?" मी त्याला सांगितलं, तसं करता येत नाही. तो म्हणाला, "आईला दवाखान्यात आनताना बरं करता आलं."

बाळादादाचं बरोबर आहे. माझा काटेकोरपणा कोणत्या दिवशी जागा होतो आणि कोणत्या दिवशी झोपतो, हे त्याने एका वाक्यात दाखवलं.

तुझ्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला होता. प्रबंध जवळजवळ पूर्ण आहे, शेवटचं प्रकरण कच्चं आहे. ते तसंच ठेवून सादर करता येईल का, याचे नियम त्या पाहत आहेत. म्हणाल्या, "तिने तुमची मुलाखत राहिली असं म्हटलं होतं. देणार का?" मी होकार दिला. या मजकुराची एक प्रत त्यांना पाठवतो आहे. प्रश्न विचारायला तू नाहीस, म्हणून क्रम माझा आहे. विशेषणं त्यांनी हवी तर घालावीत.

*

आता काकीचा प्रश्न.

बाळादादाला मी नामदेवने सांगितलेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिला सांग, आई आई करत व्हती. तुझं काय जातं? म्हातारीला बरं वाटंल." वर म्हणाला, "तसापन तू बोललायस एकदा खोटं. आता सोवळा नको व्हऊ."

मी बरेच दिवस यावर विचार करतो आहे. वाटलं तर तुझ्या प्रबंधाच्या आधारे मी हे खोटं बोलू शकतो. दुःखात असलेल्या माणसाशी शब्दांनी खोटं बोलायला तू हरकत घेतली नव्हतीस. पण मी पुन्हा वाचलं. या वेळी पेन न घेता. सांगाव्यातलं खोटं वाटेपुरतं असतं, असं तू लिहिलं आहेस. घर ते घर. पोचलं की ते संपतं, आणि ते संपणार हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. काकीला आज मी "आई म्हणाली" असं सांगितलं तर ते कुठे संपणार? ती ते सखूबाईला सांगेल. दरवर्षी तुझ्या श्राद्धाला सांगेल. ती जाईपर्यंत ते तिच्याजवळ राहील आणि ते माझं असेल, तुझं नसेल.

हे बरोबर आहे का, हे तुला विचारायचं होतं. तू काहीतरी उलट बोलली असतीस, नक्की.

निघतो.

*

जाऊन आलो.

काकी घरात एकटी होती. मी बसलो आणि लगेच सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा दुसरंच बोललो असतो.

"काकी, मी तिच्याजवळ नव्हतो. मी पोचलो तवा ती गेली व्हती. जीपवाला जवळ व्हता, त्यानं सांगितलं ते सांगतो. तिनं तुझं नाव नाय घेतलं."

मी पुढचंही सांगून टाकलं.

"तिनं जीपवाल्याला विचारलं, दादा, पुढं बसू का, मागं गुदमरतंय. तेवढंच बोलली."

मला वाटलं, बाळादादाचं ऐकायला हवं होतं. मग काकी म्हणाली, "मंग? बसवलं का त्यानं?"

"बसवलं. पुढच्या माणसाला उतरवून बसवलं."

"खिडकीला?"

"खिडकीला."

"मागं बसली की वकायची ती," काकी म्हणाली. "ल्हान आसल्यापासनं. माहेरी जाताना मी डायवरच्या हातापाया पडायची, पोरीला पुढं बसू द्या म्हनून. मी मागं आनि ती पुढं. वळून वळून बघायची, मी हाय का. खिडकीला बसली म्हंजे वारा लागला आसंल."

"लागला," मी म्हणालो.

काकीने मान हलवली आणि डोळे पुसले. मी तिथून उठलो तेव्हा ती म्हणाली, "तो जीपवाला येऊ दे एकदा घरी. जेवायला घालीन त्याला."

कर्जतला परतताना माझ्या लक्षात आलं, वाऱ्याचं मला नामदेवने सांगितलेलं नव्हतं. मी त्याला विचारलंही नव्हतं. मला माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी मी पुन्हा काकीला सांगून आलो होतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी कशेळ्याला गेलो. नामदेवला काकीचा निरोप दिला आणि खिडकी उघडी होती का ते विचारलं. तो म्हणाला, "साहेब, त्या बाजूची काच अर्धीच उतरते. तेवढी उतरवलेली व्हती. पन वाऱ्याचं मी काय सांगू, मी ह्या बाजूला." मग मीच पुढे खिडकीशी बसलो आणि कर्जतपर्यंत आलो. रस्ता उन्हाचा आहे, जीप जुनी आहे, मागच्या लोकांना खरंच गुदमरतं.

पुढे वारा लागतो, सुरेखा. तोंडावर लागतो.